टस्कनीचे पांढरे रस्ते

इटलीत सपाट जमीन देशाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे, जेमतेम २३ टक्के. सुमारे ३५ टक्के भाग उंच डोंगरांचा आणि उरलेला ४२ टक्क्यांच्या आसपासचा टेकड्यांचा. त्यामुळे मध्य इटलीत सायकल घेऊन निघालेल्या माणसाला चढ टाळून फार लांब जाता येत नाही. आल्प्समधल्या घाटांसारखा तासन्‌तास चालणारा चढ इथे क्वचितच लागतो. दीडशे-दोनशे मीटर चढायचे, माथ्यावर गावाला वळसा घालायचा, ओढ्यापर्यंत उतरायचे आणि पूल ओलांडला की पुन्हा चढाला लागायचे. संध्याकाळी हिशेब मांडला तर नाव घेण्याजोगा एकही डोंगर न चढता हजार-बाराशे मीटरची चढाई पायांनी केलेली असते.

इतकी दमछाक होऊनही सायकलने भटकणारे लोक जगभरातून या टेकड्यांकडे येतात. त्यातही त्यांची सर्वाधिक ओढ असते ती टस्कनीतल्या सिएना शहराभोवतीच्या कच्च्या रस्त्यांकडे. चुनखडीची बारीक खडी घातलेले, उन्हात डोळे दिपवणारे हे रस्ते ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, या नावानेच प्रसिद्ध आहेत. चित्रांत आणि कॅलेंडरांवर दिसणारे त्यांचे रूप निसर्गाने आयते दिलेले आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते घडले जमिनीची जात, अर्धेलीने शेती करणाऱ्या कुटुंबांचे कष्ट आणि डांबराला वेळीच विरोध करणारी काही माणसे यांच्यामुळे. हा इतिहास ठाऊक असला की चढ कमी होत नाही, पण प्रत्येक वळणाचे कारण कळते.

समुद्राचा तळ, टेकडीची धार

सिएनाच्या आग्नेयेला पसरलेल्या उघड्याबोडक्या टेकड्यांना ‘क्रेते सेनेसी’ म्हणतात. सुमारे ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या प्लायोसीन काळात इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला गाळ पुढे वर उचलला गेला आणि त्याचीच ही राखाडी चिकणमाती झाली. ती पावसात फुगते आणि उन्हात तडकते. वाहते पाणी तिला कापत नेते, म्हणून उतारांवर उभ्या, धारदार घळी पडलेल्या दिसतात. काही ठिकाणी पुरुषभर किंवा त्याहून उंच असे पांढुरके मातीचे घुमट उभे आहेत. मातीतले सोडियमचे क्षार कोरड्या दिवसांत वर येऊन पृष्ठभागावर साठतात, त्यामुळे त्यांना हा रंग येतो आणि त्यांच्यावर गवतही धड उगवत नाही.

सिएनाच्या उत्तरेला कियांतीचा मुलूख लागतो. तिथली जमीन वेगळी आहे. ‘आल्बेरेसे’ नावाचा कठीण चुनखडक आणि ‘गालेस्त्रो’ नावाचा, पापुद्रे सुटणारा मातकट दगड असे दोन प्रकार तिथे जागोजाग दिसतात. द्राक्षवेलींना ही दगडाळ, पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. रस्त्यालाही जवळचाच दगड फोडून घातला जाई, म्हणून रस्ता पांढरा.

हे रस्ते टेकड्यांच्या धारेवरून का जातात, याचे उत्तरही याच जमिनीत आहे. चिकणमातीचा उतार घसरतो. त्यावर आडवा रस्ता काढला तर एका पावसाळी हंगामात तो खाली सरकतो. खोऱ्यांत पूर येई, पाणी साचून राही आणि हिवतापाची भीती असे. सिएनाच्या पूर्वेचे वाल दी कियाना हे खोरे शतकानुशतके दलदलीचे होते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मोठी निचऱ्याची कामे झाली, तेव्हा कुठे ते लागवडीला आले. टेकडीच्या धारेवर मात्र पाणी दोन्ही अंगांना वाहून जाते, वारा खेळतो आणि शत्रू लांबून दिसतो. म्हणून गावे माथ्यावर आणि रस्ते धारेवर.

सायकलस्वाराला याचे सुखदुःख दोन्ही वाट्याला येते. धारेवर असेपर्यंत दोन्हीकडची खोरी दिसत राहतात आणि चढ-उतार सौम्य असतात. एका धारेवरून दुसरीवर जायचे म्हटले की मात्र थेट तळाला उतरून समोरचा उभा चढ घ्यावा लागतो. बैलगाडीपुरत्या वाटा काढताना कुणी चढाची टक्केवारी मोजली नव्हती. जिथे बैल चढत होते तिथून वाट गेली आणि आज त्याच वाटेवर सायकलचा सगळ्यात हलका गिअर अपुरा पडतो.

अर्धेलीच्या शेतीने काढलेल्या वाटा

टस्कनीच्या टेकड्यांवर ठिकठिकाणी एकेकटी दगडी घरे दिसतात. गावापासून दूर, स्वतःच्या शेताच्या मधोमध. यामागे ‘मेझ्झाद्रिया’ ही मध्ययुगापासून चालत आलेली पद्धत आहे. मालकाने जमीन आणि घर द्यायचे, कुटुंबाने राबायचे आणि उत्पन्न अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे. आपल्याकडच्या अर्धेलीच्या शेतीशी ही पद्धत बरीच जुळते. एका कुटुंबाला पोसेल आणि त्या कुटुंबाला कसता येईल एवढ्या जमिनीचा तुकडा म्हणजे ‘पोदेरे’. त्यात गहू, ऑलिव्ह, द्राक्षे आणि जनावरांचा चारा असे सगळेच थोडेथोडे पिकवायचे. द्राक्षवेली झाडांवर चढवलेल्या असत आणि त्यांच्या ओळींमधल्या पट्ट्यात धान्य पेरले जाई.

ही घरे जवळून पाहण्यासारखी आहेत. खाली गोठा, वर राहण्याची जागा आणि वर जायला बाहेरून दगडी जिना. थंडीत गोठ्यातल्या जनावरांची ऊब वरच्या खोल्यांना मिळे. स्वयंपाकघरात मोठी चूल, कारण एका घरात दोन-तीन पिढ्या नांदत. अठराव्या शतकात टस्कनीचा ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो याच्या काळात शेतघरे नीट आखून बांधली जाऊ लागली. वाल दी कियानात छपरावर पारव्यांचा चौकोनी मनोरा असलेली जी घरे दिसतात ती त्या परंपरेतली.

प्रत्येक घराला वाट हवी होती. घरापासून मालकाच्या कोठारापर्यंत, गिरणीपर्यंत, चर्चपर्यंत. असे पांढऱ्या वाटांचे दाट जाळे विणले गेले. चर काढणे, बांध सांभाळणे, वाहून गेलेली माती परत भरणे ही कामे वर्षानुवर्षे कुळांनीच केली. या व्यवस्थेला गोड रंग देण्याचे कारण नाही. मालक आणि कूळ यांच्यात हिशेबाचे तंटे असत, घरात लग्न करायचे तरी मालकाची परवानगी लागे आणि वाईट वर्षी कुळाचे कर्ज वाढत जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण माणसे कारखान्यांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी घातली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचेही साध्या खंडात रूपांतर करण्याचा मार्ग खुला झाला.

माणसे गेली, घरे ओस पडली, वाटा मात्र राहिल्या. वापरायला कुणी नाही म्हणून त्यांच्यावर डांबर टाकण्याची घाईही कुणाला नव्हती. आजचा सायकलस्वार ज्या रहदारीमुक्त रस्त्यांवर खूश असतो ते रस्ते एका गावगाड्याच्या रिकामे होण्यातून मोकळे झाले आहेत. एवढे भान तिथून जाणाऱ्याने ठेवावे.

डांबर अडवणारी माणसे

विसाव्या शतकाच्या शेवटी या भागात पैसा परत आला. वाइनला भाव मिळाला, परदेशी लोक जुनी घरे विकत घेऊ लागले आणि धुळीला कंटाळून रस्ते डांबरी करण्याची मागणी पुढे आली. कियांतीतल्या गायोले या छोट्या गावातले जानकार्लो ब्रोच्ची हे सायकलवेडे गृहस्थ याने अस्वस्थ झाले. त्यांनी १९९७ मध्ये ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. हेतू दोन होते. एक म्हणजे जुन्या काळच्या, खडतर सायकलिंगची आठवण जागवणे आणि दुसरा म्हणजे पांढरे रस्ते वापरात आणून वाचवणे. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आता दर ऑक्टोबरमध्ये हजारो लोक येतात आणि या फेरीची भावंडे इतर देशांतही निघाली आहेत.

लेरोइकाचे नियम काटेकोर आहेत. सायकल साधारण १९८७ पूर्वीच्या बनावटीची, सांगाडा पोलादी, गिअर बदलण्याचे दांडे हँडलवर न बसवता सांगाड्याच्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून गेलेल्या आणि पॅडलला पाऊल अडकवायचे पट्टे. अंगात लोकरीची जर्सी. लांब पल्ल्याचे स्वार अंधारातच गायोले सोडतात आणि थोड्याच वेळात ब्रोलियोच्या किल्ल्याकडे जाणारा पहिला पांढरा चढ लागतो. सायप्रसच्या झाडांमधून जाणाऱ्या त्या वाटेवर दोन्ही बाजूंना दिवे ठेवलेले असतात. हा किल्ला रिकासोली घराण्याचा. त्यातले बेत्तीनो रिकासोली इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले आणि कियांती वाइनमध्ये कोणती द्राक्षे कशी मिसळावीत हे १८७२ मधल्या एका पत्रात त्यांनीच मांडले. वाटेतल्या थांब्यांवर आजच्या स्पर्धांतल्या गोड जेलच्या पुड्या मिळत नाहीत. ‘रिबोल्लीता’ हे पाव, घेवडा आणि काळपट पाल्याच्या कोबीचे दाट कालवण मिळते, ऑलिव्ह तेल लावलेला पाव मिळतो आणि हवी त्याला लाल वाइनही.

या फेरीच्या पोटातूनच व्यावसायिक शर्यत जन्मली. २००७ मध्ये पहिल्यांदा झालेली ही शर्यत आज ‘स्त्रादे बियांके’ म्हणून मार्चच्या सुरुवातीला होते. २०१५ पासून स्त्रियांचीही शर्यत सुरू झाली. शेवट सिएनाच्या पियात्सा देल कांपो या शिंपल्याच्या आकाराच्या चौकात. त्याआधी व्हिया सांता कातेरीना या अरुंद दगडी गल्लीत १६ टक्क्यांपर्यंत चढ आहे आणि जिंकणारे बरेचदा तिथेच ठरतात. तीनदा जिंकलेल्या फाबियान कांचेल्लारा या स्विस स्वाराचे नाव अशानोजवळच्या मोंते सांते मारिये या कच्च्या टप्प्याला दिले आहे. २०२४ मध्ये तादेय पोगाचार याने याच भागातून एकट्याने मुसंडी मारली आणि उरलेले तब्बल ८१ किलोमीटर एकट्याने कापून शर्यत जिंकली.

शर्यतीचे चित्रण जगभर दिसू लागले तसे चित्र पालटले. ज्या रस्त्यांची लोकांना लाज वाटत होती तेच गावांची ओळख ठरले. कच्चा रस्ता म्हणजे मागासलेपण, हा समज इथे मोडला आणि तो मोडायला सायकल कारणी लागली. मला या मुलखाची सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

एक वर्तुळ, चार दिवस

लेरोइकाचा सर्वांत लांब मार्ग सुमारे २०९ किलोमीटरचा आहे आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग कच्चा आहे. त्यावर कायमच्या दिशादर्शक पाट्या आहेत, त्यामुळे वर्षभर कुणालाही तो स्वतःच्या सोयीने करता येतो. शर्यतीचे स्वार किंवा हट्टी हौशी तो एका दिवसात करतात. सामान घेऊन जाणाऱ्याने तो चार दिवसांत वाटून घ्यावा. असे केले तर रोज पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात आणि थांबायला वेळ उरतो.

पहिला दिवस गायोले ते सिएना. ब्रोलियोचा चढ, मग द्राक्षमळे आणि ओकची जंगले यांच्यामधून हळूहळू दक्षिणेला. अंतर कमी, म्हणून दुपारनंतरचा वेळ सिएनाला द्यावा. तिथल्या नगरभवनात आंब्रोजो लोरेंझेत्ती याने १३३८-३९ मध्ये रंगवलेली सुशासन आणि कुशासनाची भित्तिचित्रे आहेत. सुशासनाच्या चित्रात शहराच्या वेशीतून बाहेर पडणारा रस्ता, नांगरलेल्या टेकड्या, द्राक्षवेली, धान्य घेऊन येणारी जनावरे असे सगळे आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वेशीबाहेरच्या टेकड्यांमध्ये आपण असतो. राज्य नीट चालले तर शेतातून शहरापर्यंतचा रस्ता निर्धास्त राहतो, हे चित्रकाराने जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी दाखवले आहे.

दुसरा दिवस सिएना ते मोंताल्चीनो. शेवटची चढण मोठी, कारण खालचे खोरे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास आणि मोंताल्चीनो ५६४ मीटरवर. ब्रुनेल्लो या महागड्या वाइनचे हे गाव. २०१० च्या जिरो द’इतालिया शर्यतीत इथल्या टप्प्यावर धो धो पाऊस पडला आणि पांढऱ्या रस्त्यांचा चिखल झाला. ऑस्ट्रेलियाचा कॅडेल इव्हान्स विश्वविजेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी घालून जिंकला, पण त्या पट्ट्या चिखलात ओळखू येत नव्हत्या. पावसाचा अंदाज असेल तर हा टप्पा डांबरी रस्त्याने करण्यात कमीपणा मानू नये. ओली चिकणमाती टायर आणि सांगाड्याच्या मधल्या फटीत भरते आणि चाक फिरायचेच थांबते.

तिसरा दिवस बुओनकोन्वेंतोवरून अशानोकडे आणि मोंते सांते मारियेच्या साडेअकरा किलोमीटरच्या कच्च्या टप्प्यावर. सावली जवळजवळ नाही. रस्ता धारेवरून वर-खाली होत जातो, दोन्हीकडे घळी आणि गव्हाची शेते. काही उभे चढ इतके तीव्र आहेत की पॅडलवर उभे राहिले तर मागचे चाक खडीवर जागीच गरगरते. अशा वेळी सीटवर बसून, धड पुढे झुकवून, वजन मागच्या चाकावर ठेवत हळू चढावे. उतारावर उलट काळजी. वेगाने जाणाऱ्या मोटारींच्या चाकांमुळे कच्च्या रस्त्यावर आडव्या, पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा तयार होतात आणि त्यांच्यावर हँडल थरथरायला लागते. वळणाआधीच वेग कमी करावा, वळणात पुढचा ब्रेक दाबू नये आणि पकड सैल पण सावध ठेवावी.

चौथा दिवस कास्तेलनुओवो बेरार्देंगावरून पुन्हा कियांतीत आणि राद्दावरून गायोलेला. दोन दिवस उघड्या टेकड्या पाहिल्यावर जंगलाची सावली सुखावते.

ज्यांना आणखी दोन दिवस आहेत त्यांनी मोंताल्चीनोवरून वाल दोर्चा या खोऱ्यात उतरावे. युनेस्कोने २००४ मध्ये या खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक दहाव्या शतकाच्या शेवटी रोमहून परतताना ज्या मार्गाने गेले तो व्हिया फ्रांचीजेना हा यात्रामार्ग याच खोऱ्यातून जातो. पिएन्झा हे गाव पोप पायस दुसरे यांनी आपल्या जन्मगावाला नव्याने वसवून उभे केले. पलीकडच्या टेकडीवर सायप्रसच्या ओळीने नागमोडी चढत जाणारा पांढरा रस्ता दिसतो. तो ला फोचे या इस्टेटीवरून दिसणारा, जगभर छापला गेलेला रस्ता. लेखिका आयरिस ओरिगो आणि त्यांचे पती यांनी १९२४ मध्ये ही उजाड इस्टेट घेतली आणि जमीन सुधारताना असे रस्ते काढले. तेव्हा ‘प्राचीन’ वाटणारे हे दृश्य जेमतेम शंभर वर्षांचे आहे.

चढाचा हिशेब

टक्केवारी साधी आहे. दहा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर उंची. सत्तर किलोचा स्वार आणि पंधरा किलोची सायकल असे पंचाऐंशी किलो वजन दहा टक्के चढावर ताशी सहा किलोमीटर वेगाने न्यायला सुमारे दीडशे वॅट शक्ती लागते. नियमित सायकल चालवणाऱ्याला ती बराच वेळ पेलते. त्यात पंधरा किलो सामान लादले की आकडा एकशे ऐंशीच्या जवळ जातो आणि अनेकांचा श्वास तिथे तुटायला लागतो. सपाटीवर सामानाचे ओझे फारसे जाणवत नाही, कारण तिथे मुख्य झगडा हवेशी असतो. टेकड्यांवर प्रत्येक किलो वर उचलावा लागतो आणि तोही दिवसातून दहादा.

दुसरा प्रश्न गिअरचा. पुढच्या चकतीला ३४ आणि मागच्या चकतीलाही ३४ दाते असतील तर पॅडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी होते, म्हणजे साधारण २.१५ मीटर. ताशी सहा किलोमीटरला मिनिटाला ४६-४७ फेऱ्या पडतात. इतक्या मंद फेऱ्यांत गुडघ्यांवर ताण येतो. पुढे ३० आणि मागे ४० दाते असले तर त्याच वेगाला बासष्टच्या आसपास फेऱ्या होतात आणि पाय सुटसुटीत फिरतात. म्हणून या मुलखात जाण्यापूर्वी नवी महागडी सायकल घेण्यापेक्षा असलेल्या सायकलला मागे मोठी चकती बसवणे अधिक उपयोगाचे. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद, हवा थोडी कमी. रुंद टायर खडीवर धरून राहतो आणि हाडांना बसणारे धक्केही कमी करतो. ज्यांना चढ झेपत नाहीत त्यांनी विजेची मदत देणारी सायकल भाड्याने घ्यावी. ती आता या भागात सहज मिळते.

पूर्वेकडे, टायबरच्या खोऱ्यात

टस्कनीला लागून पूर्वेला उंब्रिया. इथल्या रस्त्यांना सायकलच्या इतिहासाची वेगळी किनार आहे. जीनो बार्ताली हे फ्लॉरेन्सजवळच्या गावचे. त्यांनी १९३८ मध्ये आणि दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, तूर द फ्रान्स जिंकली. मधल्या युद्धकाळात, नाझींच्या ताब्यातल्या इटलीत ज्यू माणसांना वाचवणाऱ्या गुप्त जाळ्यासाठी बनावट कागदपत्रे सायकलच्या नळीत दडवून नेल्याबद्दल याद वाशेम या संस्थेने २०१३ मध्ये त्यांचा मरणोत्तर गौरव केला. फ्लॉरेन्स आणि असिसी ही त्या कामातली दोन ठिकाणे. सरावाला निघालेला विजेता म्हणून त्यांच्यावर संशय येणे अवघड होते. हयात असताना बार्ताली याविषयी फारसे बोलले नाहीत.

याच उंब्रियात वरच्या टायबर खोऱ्यात मराठी वाचकाने थांबावे असे एक ठिकाण आहे. १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे या खोऱ्यातल्या लढाईत शहीद झाले. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय बावीस. तुकडीतले जवळजवळ सगळे सहकारी मारले गेले किंवा जखमी झाल्यावर ते एकटेच शत्रूच्या मशिनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि शेवटी लपून गोळी झाडणाऱ्या सैनिकाच्या गोळीने कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा नाही. कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे आणि २०२३ मध्ये माँतोने या उंब्रियातल्या गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. गाव टेकडीवर आहे. तिथे सायकलने चढताना एवढे कळते की जुलैच्या उन्हात, पाठीवर ओझे आणि समोर गोळीबार असताना हाच चढ कसा असेल.

उंब्रियात सपाट मार्गही आहेत. असिसी ते स्पोलेतो हा पन्नासेक किलोमीटरचा सायकलमार्ग जवळजवळ समतल आहे. स्पोलेतो ते नोर्चा ही १९२६ मध्ये सुरू होऊन १९६८ मध्ये बंद पडलेली डोंगरी रेल्वे आता पायवाट आणि सायकलवाट म्हणून ओळखली जाते. लांबी ५१ किलोमीटर, बोगदे १९. सर्वांत मोठा बोगदा दोन किलोमीटरच्या जवळपास, आत मिट्ट काळोख. जोरकस दिवा हवाच. २०१६ च्या भूकंपाने या भागाचे मोठे नुकसान केले, म्हणून कोणता टप्पा खुला आहे याची आधी चौकशी करावी.

निघण्यापूर्वी

हंगाम एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चांगला. मे महिन्यात टेकड्या हिरव्या असतात, सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी चालते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि क्रेते सेनेसीत आडोसा मिळत नाही. बहुतेक गावांच्या चौकात पिण्याच्या पाण्याचा नळ असतो. ‘नोन पोताबिले’ असे लिहिलेले असेल तर ते पाणी पिऊ नये. जेवणाची वेळ दुपारी साधारण साडेबारा ते अडीच. ती चुकली तर लहान गावात संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर बंद असते, दुकानेही मिटलेली असतात. म्हणून पिशवीत पाव आणि चीज ठेवावे.

शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. हाताने वळलेले जाड ‘पीची’ शेवयांसारखे असते आणि लसूण-टोमॅटोच्या रसात मिळते. शिळ्या पावाचे टोमॅटो घालून केलेले कालवण, काबुली चणे, पाव-काकडी-कांद्याची ‘पान्झानेल्ला’ ही शेतकऱ्यांच्या घरातली पोटभरीची पदार्थमाला आहे. रिबोल्लीतात कुठे कुठे डुकराच्या मांसाचा तुकडा पडतो आणि पिएन्झाच्या पेकोरीनो चीजमध्ये वासरा-कोकराच्या पोटातले विरजण असू शकते, म्हणून विचारून घ्यावे. टस्कनीचा पाव अळणी असतो. तो तसाच खाल्ला जातो, खारट चीज आणि तेलाबरोबर तो शोभतो.

फ्लॉरेन्स किंवा सिएनापर्यंत रेल्वेने जाता येते. सायकलचे चिन्ह असलेल्या प्रादेशिक गाड्यांत वेगळे तिकीट काढून सायकल चढवता येते. वेगवान गाड्यांत ती सुटी करून, पिशवीत घालून न्यावी लागते. फ्लॉरेन्स-सिएना हा द्रुतगती रस्ता आणि मोटारमार्ग सायकलला बंद आहेत. गावाबाहेर अंधारात आणि बोगद्यांत चमकणारे जाकीट घालणे कायद्याने सक्तीचे आहे.

मुक्कामासाठी ‘आग्रितुरिज्मो’ निवडावे. १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्यांना आपल्या घरात पाहुणे ठेवण्याची वाट मोकळी झाली, अट एवढीच की मुख्य उद्योग शेतीच राहिला पाहिजे. ओस पडलेली किती तरी अर्धेलीची घरे यामुळे पुन्हा राहती झाली. रात्रीच्या जेवणात त्याच शेतातले तेल, त्याच परसातली भाजी असते आणि पाहुण्याचा पैसा थेट जमीन कसणाऱ्याच्या हाती पडतो.

पांढऱ्या रस्त्याला दरवर्षी खडी लागते, चर मोकळे करावे लागतात, वाहून गेलेला भाग भरावा लागतो. हा खर्च छोट्या नगरपालिकांनी का करावा, याचे एक ठोस उत्तर म्हणजे त्यावरून जाणारी, गावात थांबणारी, जेवणारी, मुक्काम करणारी सायकलवाली माणसे. म्हणून या टेकड्यांत जाणाऱ्याने अंतराचा हव्यास धरू नये. रोजचे पन्नास किलोमीटर पुरेत. उरलेला वेळ गावांना द्यावा, कारण हे रस्ते टिकायचे असतील तर ती गावे नांदती राहिली पाहिजेत.